सभेच्या आधी प्रोसिडिंग बुक उघडा

सप्टेंबर म्हणजे सभांचा महिना. जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आणि तळाशी ती ठरलेली ओळ, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावीच लागते. गणेश मंडळांचे जमाखर्चही याच सुमारास निघतात.

हे आवाहन त्या सभेत टेबलामागे बसणाऱ्यांना आहे. सोसायटीचे चेअरमन आणि सेक्रेटरी, मंडळाचे अध्यक्ष, बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव, शाळा व्यवस्थापन समितीचे पालक-अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यवाह, अगदी भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या काकूसुद्धा. तुम्हाला या कामाचा पगार नाही. रात्री अकराला पंप बंद पडल्याचे फोन तुम्हाला येतात आणि वर्गणी मागायला गेलं की दारातली तोंडंही तुम्हीच बघता. अशा माणसाला आणखी काम सांगणं बरं नव्हे, हे कळतं. तरीही सांगतो. संस्थेच्या पैशाचं ऑडिट दरवर्षी होतं; अध्यक्षाने वर्षभर माणसं कशी वागवली, कुठे निभावलं, कुठे अडवलं, याचं कोणी करत नाही. ते ज्याचं त्यानेच करायचं असतं. आणि डोळे मिटून विचार केल्याने ते होत नाही. त्यासाठी कागद काढावे लागतात आणि माणसांना विचारावं लागतं.

डोळे मिटून का होत नाही? स्वतःचा विचार करताना आपण स्वतःचे हेतू बघतो आणि दुसऱ्याचा विचार करताना त्याचं वागणं. मी सभेत आवाज चढवला तो संस्थेच्या काळजीपोटी. तिसऱ्या मजल्यावरच्याने चढवला, कारण तो मुळातच भांडकुदळ. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक फॉर्म देतात, 'तुमची तीन बलस्थानं आणि तीन उणिवा लिहा'. उणिवांच्या रकान्यात लोक काय लिहितात ते कधी बघा. "मला अर्धवट काम चालत नाही." "मी फार पटकन विश्वास टाकतो." "मला नाही म्हणता येत नाही." या उणिवा थोड्याच आहेत? ही तर लग्नाच्या बायोडेटातली स्तुती झाली.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली एक साधी चौकट मांडली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. खिडकीला चार कप्पे. मला आणि इतरांना दोघांनाही माहीत असलेलं, फक्त मला माहीत असलेलं, इतरांना माहीत पण मला नसलेलं, आणि कुणालाच ठाऊक नसलेलं. आपलं सगळं काम तिसऱ्या कप्प्याशी आहे. अख्ख्या इमारतीला ठाऊक असतं की साहेब एकदा बोलायला उभे राहिले की खाली बसत नाहीत. ठाऊक नसतं ते साहेबांनाच.

स्वतःकडे बाहेरून बघण्याचा एक विलक्षण प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, सलग दुसऱ्यांदा. पुढच्या वर्षी त्यांना सलग तिसऱ्यांदा अध्यक्ष करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा नोव्हेंबर 1937 मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' नावाचा एक लेख आला. काँग्रेसच्या अध्यक्षाला तेव्हा राष्ट्रपती म्हणत. लेखकाचं नाव होतं 'चाणक्य'. या चाणक्याने नेहरूंची झाडाझडती घेतली होती. या माणसाजवळ अफाट लोकप्रियता आहे, जिद्द आहे, कामाचा झपाटा आहे, संघटना चालवण्याची हातोटी आहे. आणि त्याच माणसात गर्व आहे, दुसऱ्याचं सहन न होण्याची वृत्ती आहे, दुबळ्या आणि अकार्यक्षम माणसांविषयी तुच्छता आहे. असा माणूस हुकूमशहा व्हायला वेळ लागत नाही, त्याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा लेखाचा रोख होता. लेखक कोण ते पुढे उघड झालं. लेखक स्वतः नेहरूच होते. 1938 च्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस झाले.

आपल्यात हुकूमशहा होण्याची ताकद आहे असं लिहायलाही थोडा अहंकार लागतोच, हे खरं. पण त्या लेखातली एक गोष्ट आपण उचलावी. गुण आणि दोष तिथे दोन वेगळ्या रकान्यांत मांडलेले नाहीत. झपाटा आणि अकार्यक्षम माणसांचा तिटकारा एकाच दमात येतात, कारण ते असतातच एकत्र. आपल्याला मासिकात लेख छापायचा नाही. एक कोरा कागद घ्यायचा आणि लिहायला सुरुवात करायची, 'आमच्या सोसायटीचे चेअरमन असे आहेत की...'. लिहायचं मात्र अशा सभासदाच्या नजरेने, ज्याचा गळतीचा अर्ज पावसाळ्याच्या आधीपासून पडून आहे. पानभर लिहून झालं की कागद घडी घालून ठेवा. तो कुणाला दाखवायचा नाही.

आता प्रोसिडिंग बुक काढा. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या संस्थांची इतिवृत्तं लिहीत आणि वाचत आलो आहे, आणि माझं ठाम मत आहे की अध्यक्ष कसा आहे हे त्याच्या भाषणापेक्षा या वहीत स्पष्ट दिसतं. ताळेबंद जमला की नाही ते बघणारे पुष्कळ असतात, ही वही मात्र शेल्फात धूळ खाते. मागची दोन-तीन वर्षं सलग वाचा, तासाभराचं काम आहे.

आधी सूचक आणि अनुमोदक यांची नावं बघा. पानोपानी तीच दोन नावं असतील, तर तुमच्या सभेत बाकीचे प्रेक्षक आहेत. मग 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द किती वेळा येतात ते बघा. त्यात सेक्रेटरीच्या सवयीचा भाग असतो, बरेचजण गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा तेवढ्या बदलतात, हे मला चांगलं माहीत आहे. तरीही लिफ्ट बदलण्यासारखा लाखोंचा विषय आणि दिवाळीच्या रोषणाईचा विषय दोन्ही सारख्याच बिनबोभाट मंजूर झाले असतील, तर लोकांना खरोखर पटलं होतं, की बोलून उपयोग नाही म्हणून ते गप्प बसले, हे स्वतःला विचारा. 'चर्चेअंती अध्यक्षांना सर्वाधिकार देण्यात आले' ही ओळ आढळली तर तिथे पेन्सिलीने खूण करा. वर्षातून एकदा ठीक आहे. चार-पाच वेळा असेल तर तुम्ही विश्वास कमावला आहे, असं समजून खूश होऊ नका. लोकांनी हात झटकले आहेत आणि तुम्ही ते झटकू दिले आहेत.

परत परत येणारे विषय सगळ्यात बोलके. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती मार्चच्या सभेत आली, 'कोटेशन मागवण्याचे ठरले'. जुलैमध्ये आली, 'पुढील सभेत विचार करण्याचे ठरले'. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा हजर. असा विषय का लटकतो? कधी पैसा नसतो, ते समजू शकतं. पण बहुतेक वेळा त्या विषयात कुणातरी एकाला दुखवावं लागणार असतं, आणि अध्यक्षाला ते नको असतं. तुमच्या वहीत लटकलेले विषय एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर त्या एका माणसाचं नाव लिहा. तुमची भीड कुठे आणि किती आहे, त्याचा नकाशा तयार होईल.

शेवटी सह्यांचं पान. दोन वर्षांपूर्वी नियमाने येणारा, प्रश्न विचारणारा, प्रसंगी डोकं खाणारा कोण होता, आणि आता ज्याची सही दिसत नाही असा कोण? नाव लक्षात ठेवा. त्याची पुढे गरज लागणार आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही याच दृष्टीने एकदा वर सरकवून बघा. एका महिन्याचं पुरे. तुमचे संदेश किती, त्यातल्या सूचना किती, तंबी किती, आणि आभार किती? पार्किंगचा फोटो टाकून 'ही गाडी कोणाची आहे?' असं चारचौघांत विचारणं आणि त्याच माणसाला वेगळा फोन करणं, यांतलं तुम्ही काय करता?

एवढं झाल्यावर दोष दिसू लागतात, आणि बहुतेकांना धक्का बसतो तो त्या दोषांच्या चेहऱ्यामुळे. ते आपल्या गुणांसारखेच दिसतात. माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. गट उभा केला तिने, बँकेत पहिल्यांदा गेली ती, मॅनेजरसमोर न घाबरता बोलली ती. पासबुक भरून आणणं, कर्जाचे फॉर्म, तालुक्याला होणाऱ्या बैठका, सगळं एकटीच्या अंगावर. बाकीच्या बायका म्हणायच्या, "ताईंशिवाय आमचं पान हलत नाही." ताईंना हे ऐकून बरं वाटायचं, आणि कुणालाही वाटेल. मग ताईंचं ऑपरेशन झालं. त्या दीड महिना घरी पडून. हप्त्याचे पैसे दर आठवड्याला नेमाने जमत होते, डब्यात मोजून ठेवलेले होते. पण ते बँकेत नेऊन भरायचे कसे, स्लिपवर काय लिहायचं, कर्ज खात्याचा नंबर कुठला, हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं. सचिवबाई खात्याच्या दुसऱ्या सहीदार, पण त्यांनी आजवर फक्त ताई बोट ठेवतील तिथे सही केली होती. बारा-तेरा बायका, पैसे हातात, आणि हप्ता थकला. बँकेची नोटीस आली तेव्हा ताई खाटेवरून रडल्या.

या बाईने काही वाईट केलं का? मुळीच नाही. तिच्याइतकं काम गावात कुणी केलं नसेल. पण पान हलत नाही हे जे तिला प्रशस्तिपत्रक वाटत होतं, तीच तिच्या कारभारातली उणीव होती, आणि ती उणीव तिच्या कष्टाळूपणातूनच आली होती. बचत गटांच्या प्रशिक्षणात पदं आलटून पालटून फिरवायला सांगतात ते याचसाठी. गटागटांत ते कागदावरच राहतं, कारण ज्याला काम येतं त्याच्याकडून करून घेणं सोपं असतं.

गोड स्वभावाचे अध्यक्ष असतात, त्यांच्या काळात भांडणं होत नाहीत, आणि थकबाकीदारांची यादीही कधी वाचली जात नाही. कडक खजिनदार असतात, त्यांचं एकेक व्हाउचर चोख, पण उत्सवाला स्वयंसेवक मिळत नाहीत, कारण गेल्या वर्षी चहाच्या बिलावरून कुणाची तरी चौकशी झालेली असते. तुम्ही यांत कुठे बसता ते तुम्हीच ठरवा. पद्धत सोपी आहे. लोक तुमचं ज्या गोष्टीसाठी कौतुक करतात, ती गोष्ट प्रमाणाबाहेर गेली तर कुणाला त्रास होईल, एवढं विचारा. त्रास होणारा माणूस सहसा शोधावा लागत नाही, तो आधीच समोर असतो.

काही उणिवा मात्र दुरुस्त होत नाहीत, आणि त्या दुरुस्त करण्याच्या नादाला लागूही नये. सचिन तेंडुलकर 25 कसोटींत कर्णधार होता आणि भारताने त्यांतल्या फक्त 4 जिंकल्या. त्याच्या फलंदाजीबद्दल कुणी काही बोलण्याचा प्रश्नच नाही. 2000 साली त्याने कर्णधारपद सोडलं. पुढे 2007 मध्ये राहुल द्रविडने कर्णधारपद सोडलं तेव्हा ते पुन्हा सचिनकडे चालून आलं होतं; त्याने नको म्हटलं आणि महेंद्रसिंह धोनीचं नाव सुचवलं, हे तेव्हाचे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीच्या संघाने विश्वचषक जिंकला, ते सांगायला नकोच. आता विचार करा, चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत "मला हे जमत नाही, अमक्याला द्या" असं म्हणणारे चेअरमन तुम्ही किती पाहिलेत? आपल्याकडे राजीनामा दिला जातो तो रुसून, आणि मागे घेतला जातो तो मनधरणी झाल्यावर. न रुसता, वेळेवर, योग्य माणसाचं नाव सांगून बाजूला होणं हीसुद्धा नेतृत्वाची ताकद आहे, आणि ती तुमच्यात आहे का हे तपासण्याच्या यादीत असलंच पाहिजे.

कागदांवरून निम्मं कळतं. उरलेलं माणसांकडून कळतं, आणि इथे अडचण अशी की खुर्चीवरच्या माणसाला तोंडावर खरं सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. खरं सांगितलं जातं ते पार्किंगमध्ये, पारावर, किंवा सभेनंतरच्या चहाच्या टपरीवर. तुम्ही सभेत "काही सूचना असतील तर मोकळेपणाने बोला" असं कितीही म्हणा, लोक घड्याळ बघतील.

त्यासाठी बोलण्याची जागा आधीपासून ठरलेली असावी लागते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीतली समाज आरती ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. पालखी तळावर येते, दिंड्या सभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो माणसांचा तो आवाज क्षणात थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही, ती टाळ वाजवतच राहते. सगळीकडे शांतता, आणि एका कोपऱ्यातून टाळ. चोपदार तिकडे जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. ती दिंडी शांत झाली की मग आरती होते. सोहळ्याला ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली असं मानतात. ते स्वतः सरदार, फौजेत राहिलेले. त्यांच्या शिस्तीत तक्रार करणाऱ्याला गप्प बसवण्याची सोय नाही, हे मला फार मोठं वाटतं. तक्रारीला ठरलेली वेळ आहे, ठरलेली खूण आहे आणि ऐकणारा ठरलेला माणूस आहे. टाळ वाजवला म्हणून त्या दिंडीला कुणी आगाऊ म्हणत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव दुसऱ्या वाटेने तिथेच पोचलं. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि ग्रामसभेखेरीज गावाचा अभ्यास गट आहे. तिथे निर्णय घ्यायचा नसतो, नुसतं बोलायचं, विचारायचं, माहिती काढायची. निर्णयाचं दडपण नसलं की माणसं मोकळी बोलतात. तुमच्या संस्थेत अशी एक बैठक वर्षातून दोनदा ठेवायला काय हरकत आहे? अजेंडा नाही, ठराव नाही, इतिवृत्त नाही. अध्यक्षाने चहा सांगायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

एकेकट्याला विचारायचं तर "माझं काय चुकतं?" असं विचारू नका. समोरचा कानकोंडा होतो आणि "छे छे, तुमचं काम उत्तम" म्हणून सुटका करून घेतो. नेमकं विचारा. "या वर्षात मी कुठल्या कामात हात घातला नसता तर बरं झालं असतं?" "कुठल्या बाबतीत तुम्ही माझी वाट बघून कंटाळलात?" "मी नसताना कुठली सभा जास्त बरी झाली?" याची उत्तरं येतात. आणि सह्यांच्या पानावरचं ते नाव आठवतंय का? त्याला विचारणं सगळ्यात मोलाचं. भांडून गेलेला असेल तर आणखी बरं, तो आढेवेढे घेणार नाही.

तो बोलेल तेव्हा खुलासा करायचा नाही. ही एकच अट पाळायला सगळ्यात अवघड आहे. "अहो, तेव्हा झालं काय की..." हे शब्द जिभेवर येतील, ते गिळायचे. त्या दिवशी फक्त लिहून घ्यायचं आणि आभार मानायचे. त्याची बाजू चूक असली तरी आठ दिवसांनी सांगता येते.

आणि ऐकलेलं सगळं खरं धरायचंही नाही. हे खास करून बायकांना सांगायचं आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. हजारो सरपंच, सदस्य, सभापती बायका कारभार करतात, त्यांच्यामागोमाग सोसायट्यांत आणि शाळा समित्यांतही बायका पुढे येत आहेत. त्यांना ऐकवलं काय जातं? "बाई फार बोलतात." "कुणाचं ऐकत नाहीत." "मिस्टरांना विचारून सांगा." पुरुषाने तेच केलं तर त्याला खमक्या म्हणतात. असा शेरा ऐकला की तो आपल्या उणिवांच्या यादीत लिहिण्याआधी एक चाचणी लावा: हेच वागणं माझ्या जागी एखादा पाटील किंवा रिटायर्ड साहेब असता तर लोकांना खटकलं असतं का? नसतं खटकलं, तर तो शेरा खोडून टाका आणि आवाज आहे तसाच ठेवा. जातीवरून, वयावरून, भाडेकरू आहात की मालक यावरून येणाऱ्या शेऱ्यांनाही हीच चाचणी.

वर्षभर चालणारी एक सवय सुचवतो. ती माझी नाही, व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांच्याकडून घेतलेली आहे. 1999 साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी ती सांगितली. कुठलाही मोठा निर्णय घेतला की त्यातून काय होईल असं तुम्हाला वाटतं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्ष काय झालं ते त्याच्याशी ताडून बघायचं. साधी डायरी पुरते. 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम अमुक ठेकेदाराला दिलं. दर कमी आहे. पावसाळ्याआधी होईल. वरच्या चार फ्लॅटची गळती थांबेल.' पुढच्या वर्षी वाचा. काम ऑगस्टमध्ये झालं, गळती दोनच फ्लॅटची थांबली. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पण आठ-दहा नोंदी झाल्या की तुमची स्वतःची तऱ्हा दिसते. कुणाचा पैशाचा अंदाज नेमका निघतो आणि वेळेचा हमखास चुकतो. कुणी वस्तू छान निवडतो आणि माणूस निवडताना दरवेळी फसतो. असं असेल तर माणूस निवडायचं काम दुसऱ्याला द्या, एवढा साधा तो उपाय आहे. लिहून ठेवलं नाही तर वर्षाने आपण सगळे "मला आधीपासून वाटतच होतं" म्हणायला मोकळे असतो.

उणिवांवर एवढा वेळ घालवला, पण आपले गुण न ओळखणारीही माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः आपल्याकडे, जिथे स्वतःबद्दल बरं बोललं की आत्मस्तुती ठरते. "मला कुठे काय येतं हो" म्हणणाऱ्या बाईच्या हाताखाली वाचनालयाचे सभासद टिकून असतात, कारण तिला प्रत्येकाचं नाव आणि आवडीचा लेखक पाठ असतो. तिने हे नोंदलं पाहिजे, कारण तिच्यानंतर येणाऱ्याला काय सांभाळायचं ते कळलं पाहिजे. उणीव लपवल्याने संस्थेचं जेवढं नुकसान होतं तेवढंच गुण लपवल्यानेही होतं. तेव्हा एका कागदावर गुण आणि उणिवा दोन्ही लिहा, आणि प्रत्येक उणिवेपुढे एक नाव लिहा. 'मी सुधारेन' लिहू नका. संस्थेतल्या कुणाकडे ते काम अधिक चांगलं होईल, त्याचं नाव लिहा. हिशोबात कच्चे असाल तर कोण पक्का आहे? नाही म्हणता येत नसेल तर समितीत कोण म्हणू शकतं? एखाद्या उणिवेपुढे लिहायला नावच सापडलं नाही, तर सभेत नवी माणसं घेण्याचा विषय आणायची वेळ झाली.

गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. हे सगळं करायला चौदा दिवस भरपूर आहेत. वही वाचायला एक संध्याकाळ, तो पानभर मजकूर लिहायला दुसरी, चार माणसांना भेटायला एक रविवार. यंदाच्या अहवालात 'सर्व सभासदांचे सहकार्य लाभले' या नेहमीच्या ओळीखाली, गेल्या वर्षी माझ्याकडून कुठलं काम अडलं आणि ते या वर्षी कोणाकडे दिलं आहे, एवढ्या दोन ओळी स्वतःच्या सहीने टाका. आणि सह्यांच्या पानावरून नाहीशा झालेल्या त्या माणसाला आज रात्री जेवण झाल्यावर फोन करा.